व्हरांड्यातला रांजण

आमचं घर स्मारक झाल्यापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. धरमपेठेतल्या फ्लॅटमध्ये चहा ठेवते, उकळायच्या आत गॅस बंद करते आणि ऑटो पकडून जुन्या घरी बघून येते. मुलगा वैतागतो. "आई, रोज रोज काहून जाऊन राहिली तू? घर काही पळून नाही जात." घर पळत नाही हे मलाही कळतं. पण जिवाला चैनच नाही, त्याला काय करू?

घर म्हणजे तीन खोल्या आणि एक व्हरांडा. धम्मदीक्षेच्या वेळी गावोगावची माणसं तिथे उतरली होती, म्हणून स्मारक समितीने ते जतन करायला मागितलं. बाबा कोर्टात कारकून. संध्याकाळी व्हरांड्यात बसून लोकांचे अर्ज फुकट लिहून देत. कळमन्याचे हमाल, हिंगण्याचे कामगार, कोणीही येई. नियम एकच: आधी रांजणातलं पाणी प्यायचं, आणि तेही आपल्या हाताने काढून. बाबांना लहानपणी शाळेत माठाला शिवू देत नसत, वरून ओंजळीत ओतत. त्यामुळे आम्ही पाहुण्याला पेला भरून दिला की बाबा भडकायचे. नातेवाईक आम्हाला उद्धट म्हणत, ते वेगळंच.

समितीने वस्तूंच्या पाट्या माझ्याकडे सोपवल्या. माझा कामाचा उरक दांडगा, डोकं मात्र मागाहून चालतं. खुर्ची, दौत, कंदील, रांजण, सगळ्यांसाठी एकच ओळ छापून घेतली आणि मोकळी झाले.

परवा दुपारी व्हरांड्यात एक म्हातारी आली. हिंगण्याहून दोन बस बदलून. तिच्या नवऱ्याच्या नोकरीचा अर्ज बाबांनी लिहिला होता. उन्हाने तिचं तोंड सुकलं होतं. ती सरळ रांजणाकडे गेली, हात पुढे केला आणि थबकली. पाटीवरची अक्षरं बोटाने जुळवत तिने वाचलं, "हात लावू नये."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "इथं बी नाही का वं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाटी ओढून काढली, फाडली. रांजण तर कोरडा ठणठणीत. धावत जाऊन चौकीदाराकडून पाण्याची बाटली आणली, झाकण उघडून तिच्यापुढे धरली.

तिने हात मागे घेतला. "तहान तं लागली मले," ती म्हणाली, "पण तुह्या बाबांनं मले कधी पाणी नाही देल्लं. म्हने, तूच काढ बाई."

रांजण भरायला मी बादली नळाखाली लावली. नळ यायला अजून अर्धा तास होता. ती पायरीवर बसून राहिली. मला एका जागी बसवत नव्हतं, पण ती उठेना, म्हणून मीही तिच्याजवळ बसले.