गोष्टीतून सात डोंगर मी का काढले?

आजच लिहिते, कारण या ग्रुपवरचे बरेच जण लहान मुलांसमोर कार्यक्रम करतात.

आज जे. पी. नगरमध्ये एका वाढदिवसाला मी जादूचे प्रयोग केले. मुठीतला रुमाल गायब करायला मला अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, घरीच शिकवलं. त्यांच्या गोष्टीत रुमाल सात डोंगरांपलीकडे जातो, जिथे हरवलेलं सगळं सापडतं. मला ते जुनाट वाटायचं. म्हणून आज मी म्हटलं, "रुमाल गेला तुमच्याच अंगणातल्या पाण्याच्या टाकीत! हरवलेलं सगळं तिथेच असतं." मुलं श्वास रोखून ऐकत होती. मी खूश.

केक कापताना त्या मुलांमधली पाच वर्षांची अन्वी दिसेना. मला माझं टाकीचं वाक्य आठवलं. अंगणात धावले. नुकतंच टँकरचं पाणी भरलेलं, जमिनीतल्या टाकीचं झाकण उघडंच, आणि ती पालथी पडून आत हात घालत होती. मी फ्रॉक धरून तिला मागे ओढलं.

"अक्का, स्वल्प थांब ना!" ती कानडी-मराठीत चिडली. "माझी मनी आत आहे."

मनी म्हणजे तिची हरवलेली मांजर.

तिच्या आईला मी सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. तिने अन्वीला घट्ट धरलं.

मग अप्पांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, "अगं, मुलांना चालत जाता येऊ नये म्हणून तर सात डोंगर ठेवले होते."

तुमच्या गोष्टीतली जागा मुलांच्या घरापासून किती लांब असते?