टाके न पडलेलं आजारपण

पित्ताचा त्रास म्हणून मी कणकवलीला सोनोग्राफी करून घेतली. पित्ताशयात काही सापडलं नाही, पण डॉक्टर बराच वेळ डाव्या कुशीवरच यंत्र फिरवत राहिले. "मूत्रपिंडावर एक गाठ दिसतेय. स्कॅन करून घ्या," ते म्हणाले.

स्कॅनचा निकाल घेऊन आम्ही कोल्हापूरच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. ते सावकाश, समजेल असं बोलणारे होते. मूत्रपिंडावर पाण्याच्या साध्या गाठी पुष्कळांना असतात, त्यांना कोणी हात लावत नाही. माझी गाठ तशी नव्हती. तिच्या आत पडदे होते, भिंत जाड झाली होती आणि त्या भिंतीला रक्तपुरवठा होत होता. "यात कॅन्सर असू शकतो. नसेलही. पण नाही असं धरून बसता येणार नाही," ते म्हणाले.

मी विचारलं, "मग किडनी काढणार?"

"तीच अडचण आहे. तुमची उजवी किडनी जुन्या खड्यामुळे आकसलीय, नावालाच उरलीय. डावी काढली तर डायलिसिसवर याल. म्हणून मी म्हणतो, कापायचं नाही. पाठीतून सुई घालू, स्कॅनवर बघत गाठीपर्यंत नेऊ, आधी आतलं पाणी ओढू आणि मग सुईच्या टोकाला उष्णता देऊन गाठीच्या भिंती जाळून टाकू. बाकीची किडनी शाबूत राहील."

शेजारच्या खुर्चीत नवरा बसला होता. त्याने विचारलं, "डॉक्टर, दुसऱ्या दिवशी घरी सोडाल ना? आमचं न्याहारी निवास आहे. सुट्टीचे पाहुणे येणार आहेत."

"सोडू. पण घरी गेल्यावर विश्रांती हवी. ताप येईल, अंग मोडून येईल. जड उचलायचं नाही."

नवऱ्याने मान हलवली. त्याने यातलं 'सोडू' एवढंच ऐकलं होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

उपचाराच्या दिवशी मला पालथं झोपवलं. गाल त्या गार पलंगावर टेकला होता आणि कोणीतरी माझ्या पाठीवर पेनाने खूण करत होतं. त्यापुढचं आठवत नाही. जाग आली तेव्हा कुशीत जळजळत होतं, आतून कोणी चटका दिल्यासारखं. लघवीला लालसर झाली. ते थांबेल, असं नर्स म्हणाली आणि ते थांबलंही. डॉक्टर येऊन सांगून गेले की सगळं मनासारखं झालं, आता काही महिन्यांनी स्कॅन केलं की कळेल. पाठीवर एक छोटी पट्टी होती. तिच्याखाली सुईची दोन छिद्रं, बस.

दुसऱ्या दिवशी गगनबावड्याचा घाट उतरताना प्रत्येक वळणावर मी कूस दाबून धरत होते. तळेऱ्याला नवरा चहाला उतरला. मी गाडीतच पडून राहिले. काच खाली होती, त्यामुळे तो फोनवर कोणाला तरी सांगत होता ते ऐकू आलं. "नाय रे, ऑपरेशन कसला. एक इंजेक्शन दिल्यानी, झाला. उद्या कामाक लागात ती."

घरी पोचलो तेव्हा थोरली जाऊ वाट बघत होती. ती शेजारीच राहते. कुळथाची पिठी आणि भात झाकून आणला होता तिने. मला चालत आत येताना बघून तिचा चेहरा जरा उतरला, असं मला वाटलं.

"किती टाके पडले गो?" तिने विचारलं.

"टाके नाय पडले, वयनी. सुई घालून आतली गाठ जाळल्यानी."

"म्हणजे कापुक नाय?"

"नाय."

"मगे बरा झाला. माका वाटला, तू म्हयनोभर आडवी आसतलंस. रातच्याक तरी करशीत मां तू कायतरी?"

तिचा हेतू वाईट नव्हता. तिला खरोखरच हायसं वाटलं होतं. पण पुन्हा ती काही घेऊन आली नाही.

नवऱ्याचं बायपास झालं तेव्हाची गोष्ट वेगळी होती. तो जहाजावर नोकरीला होता, मुंबईला ऑपरेशन झालं. घरी आला तेव्हा छाती मधोमध उभी शिवलेली. वाडीतला प्रत्येक माणूस शहाळी घेऊन बघायला येत होता. मी त्याच्या पलंगाशेजारी चटईवर झोपत असे, त्याला कूस बदलायची झाली तरी उठत असे. तो व्रण अजून तसाच आहे. उघड्या अंगाने, खांद्यावर पंचा टाकून तो पाहुण्यांना जेवताना ती हकिगत सांगतो आणि पाहुणे हातातला घास थांबवून ऐकतात. मीच ते ताट वाढत असते.

दोन दिवसांनी पुण्याचं एक कुटुंब उतरलं. मला ताप होता. तरी मी उठले, भाकऱ्या थापल्या, सुरमई तळायला घेतली. तव्याची धग तोंडावर आली आणि डोळ्यांपुढे अंधारलं. मी ओट्याजवळ खाली बसले. नवरा दारात आला.

"काय झाला?"

"माका जमणा नाय. ताप आसा."

तो तिथेच उभा राहून म्हणाला, "माका उभो चिरल्यानी, तरी मी कधी असा केलंय नाय. तुका खंय काय केल्यानी?"

त्या क्षणी मला मनापासून वाटलं, कापलं असतं तर बरं झालं असतं. एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत चिरायला हवं होतं. काळे दोरे दिसायला हवे होते. जी गोष्ट माझ्या नशिबाने टळली, ती मी जमिनीवर बसून मागत होते.

मग मी उठले, बाहेर गेले आणि टेबलाशी बसलेल्या पाहुण्यांना सांगितलं, "मी आजारी आहे. कॅन्सर असेल म्हणून माझ्या किडनीवर उपचार झालेत. आज मला स्वयंपाक जमणार नाही. माफ करा." घरात कॅन्सर हा शब्द तोवर कोणीच उच्चारला नव्हता, मीही नाही.

त्यांच्यातली बाई उठून आत गेली. गॅस बंद केला, मला आतल्या खोलीत नेऊन निजवलं आणि माझ्याच स्वयंपाकघरात शोधाशोध करून चहा करून आणला. साखर जास्त झाली होती. मी तो चहा पीत रडले. परक्या बाईपुढे रडायला मला लाज वाटली नाही, याचंच जास्त वाईट वाटलं.

पाहुणे गेल्यावर नवरा बोलला. "पावण्यांका कामाक लावलंस. गावभर नाव झाला." त्यानंतर काही दिवस त्याने खानावळीतून डबा आणला. माझा डबा तो दाराशी ठेवून जायचा.

ताप उतरला. कुशीतली एक जागा मात्र अजून बधिर आहे. पुढच्या स्कॅनला मी एकटीच एसटीने गेले. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. गाठ होती तिथे एक आकसलेला काळा डाग होता, त्यात रक्त जात नव्हतं. "मेलीय ती. किडनी छान काम करतेय," ते हसून म्हणाले. त्या खोलीत मला फार आनंद झाला. दरवर्षी तपासत राहायचं, असं त्यांनी सांगितलं.

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो टीव्ही बघत होता.

"मी आधीच सांगलंय, काय्येक नाय म्हणान," तो म्हणाला. "मगे दर वर्साक कित्याक जावचा?"

परवा पुन्हा पाहुणे होते. छातीची हकिगत संपवून तो माझ्याकडे हात करत म्हणाला, "हिचं पण झालं होतं काहीतरी. इंजेक्शनवर भागलं." पाहुणे माझ्याकडे बघून हसले. मी कोणाकोणाला भाकरी हवी ते विचारलं आणि आत गेले.