ह्यांची सांडशी, माझा घण

लोक हौसेने विणकाम शिकतात, पेटी शिकतात. मी घण मारायला शिकले. तेही बुऱ्हाणपुरात, घराच्या मागच्या अंगणात, सरकारी कचेरीत कारकुनी करणाऱ्या माणसाची बायको असताना. सांगितलं की लोकांना आधी हसू येतं. मग विचारतात, हे खूळ डोक्यात आलं कुठून? मी सांगते, माझ्या नवऱ्याच्या रागातून आलं.

ह्यांना राग येण्यासारखं घडलं होतं हे खरं. नवं राज्य झालं, नागपूर-अकोला मुंबईकडे गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. नागपूरला जाणारे कागद भोपाळला जायला लागले. मराठीत टिपण लिहिण्यात अख्ख्या कचेरीत ह्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. आता तीच टिपणं 'हिंदी में लिखें' एवढे लाल शाईतले शब्द घेऊन परत यायची. ह्यांच्या हाताखाली शिकलेला एक जण ह्यांच्या वर जाऊन बसला. त्याच्यापुढे हे दिवसभर मान खाली घालून 'जी, जी' करायचे आणि सायकल दारात टेकवली की घरातल्या माणसावर वाघ व्हायचे. घरातलं माणूस म्हणजे मी.

पहिली थप्पड भातात खडा निघाला म्हणून बसली. पुढच्या एक-दोन वेळची कारणं आठवतात, नंतर कारण लागेनासं झालं. एकदा केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. भिंतीचा चुना भांगात तसाच घेऊन मी पोळ्या लाटल्या, कारण ह्यांना गरम पोळी लागायची. सासूबाई देवापुढची वात सारखी करता करता म्हणायच्या, "मर्दाचा हात आहे माय, उठतोच. तू कायले तोंड चालवते?"

मी तोंड चालवायचे, त्यात खोटं नाही. मला उलट बोलण्याची खोड होती आणि अजून आहे. तेव्हा माझ्याकडे दुसरं हत्यारही नव्हतं.

त्याच हिवाळ्यात जैनाबादच्या वाटेवर, नदीच्या अलीकडे, गाडीलोहारांचा तळ पडला. गाड्या, बैल, पोरंबाळं आणि उघड्यावर पेटलेल्या भट्ट्या. कचेरी सुटली की हे वाट वाकडी करून तिकडे जायचे आणि अंधार पडेपर्यंत उभे राहून बघायचे. एके दिवशी रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा सायकलला बांधून घेऊन आले. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, "लोखंडाले मारलं तं ते उलटून बोलत नाही."

"मग आजपासून मला सुट्टी का?" मी म्हणाले. त्या संध्याकाळीही मार पडला.

पण भट्टी झाली. फुटक्या घमेल्याला आतून माती आणि राख लिंपली, बुडाशी भोक पाडून लोखंडी नळी बसवली. बाभळीचा ओंडका जमिनीत गाडून त्यावर रूळ ठोकला, ती ऐरण. बकऱ्याच्या कातड्याचा भाता लोहारांकडून शिवून आणला. घरात कातडं आलं म्हणून सासूबाईंनी नाक मुरडलं, गोमूत्र शिंपडलं, देवघराचं दार लावून घेतलं. मुलाला मात्र चकार शब्द बोलल्या नाहीत. त्यांनाही त्याच्या हाताची भीती वाटते, हे मला तेव्हा कळलं.

भाता चालवायचं काम माझ्याकडे आलं. घरातलं असं काम दुसऱ्या कोणाकडे जायचं? हे सांडशीत लोखंड धरून निखाऱ्यात खुपसायचे आणि मी वारा घालायचे. आम्हा दोघांनाही काही येत नव्हतं. पहिल्याच दिवशी मी इतका जोरात भाता चालवला की लोखंड पांढरं होऊन फुलबाजीसारखं तडतडलं आणि टोक जळून गळून पडलं. दुसऱ्या दिवशी भीत भीत चालवला, तर ते नुसतं तांबूस झालं. ह्यांनी त्यावर हातोडी मारून मारून मनगट सुजवून घेतलं. दोन्ही दिवस शिव्या मला. तरी महिनाभरात रंग ओळखता यायला लागले. पिकल्या संत्र्याचा रंग आला की मारायचं, लाली काळवंडायला लागली की हात आवरायचा आणि परत निखाऱ्यात घालायचं. चुलीसाठी चिमटा झाला, एक खुरपी झाली. खुरपी वाकडी होती, पण माती उकरायची.

पुढे ह्यांना जाड लोखंड हवंसं वाटायला लागलं. ते एकट्याच्या हातोडीला दाद देईना. भाता फाटला म्हणून तो शिवायला आम्ही दोघं तळावर गेलो, तेव्हा तिथली रीत मी नीट पाहिली. पुरुष बसून होता. त्याच्या डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात छोटी हातोडी. समोर त्याची बायको उभी, घागरा खोचलेला, आणि घण तिच्या हातात. तो हातोडीने लोखंडावर टक् करायचा, तिथे ती घण घालायची. त्याने लोखंड सोडून बाजूला मोकळ्या ऐरणीवर टकटक केलं की तिचा घण जिथे असेल तिथे थांबायचा. दोघांत बोलणं काहीच नव्हतं. मी तिला विचारलं तर हसून म्हणाली, "हथौड़ी जहाँ बोले वहाँ घन. ऐरन पे बोले तो बस."

मी घरी येताना म्हणाले, "घण मी मारीन." ह्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. बायकोला घण द्यायचा की शेजारच्या कुठल्या बाप्याची मनधरणी करायची, एवढाच त्यांच्यापुढे प्रश्न होता. शेजारच्यांशी ह्यांचं पटत नव्हतं.

पहिले काही दिवस रात्री हात वर करून वेणी घालता येत नव्हती. तळहात फुटले. मग एका संध्याकाळी घण आपोआप वर गेला, आपल्या वजनाने खाली आला आणि लोखंड पसरलं. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले. लहानपणापासून मी दळलं, कांडलं, पाणी भरलं, पण माझ्या अंगात एवढं बळ आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. विळी, विळा, खुरपी, जे समोर येईल ते करावंसं वाटायचं. दुपारी एकटी असताना भट्टी पेटवून मी छोटी कामं हातोडीने करायला लागले आणि ह्यांच्यापेक्षा लवकर शिकले. हे मी गर्वाने सांगते आहे.

संध्याकाळी आम्ही दोघं ऐरणीपाशी असायचो, त्या तासाभरात हे मला मारत नसत. त्यांचा हात सांडशीवर, माझ्या घणापासून वीतभर लांब. हातोडी टक् म्हणाली की मी मारणार, टकटक म्हणाली की थांबणार, यावर ते निर्धास्त असत. अंगणातून घरात पाऊल टाकलं की सगळं पहिल्यासारखं. माझी समजूत होती की अंगणातली रीत कधीतरी घरात येईल. मी वाट पाहत होते.

ह्यांचा एक चुलतभाऊ बहादरपूरला राहायचा. केळीची बाग होती त्याची. त्याला पानं काढायला मी एक विळा करून दिला होता, दुपारचा, एकटीने. एका रविवारी तो केळ्यांचा घड घेऊन आला. सोबत मोटारीच्या कमानीचा तुटका पाटा होता, त्याला त्याचा कोयता करून हवा होता. ओट्यावर बसून चहा पिता पिता तो म्हणाला, "वहिनी, काय इळा केला तुम्ही, पानं कशी सपासप निघतात. दादाले काय येतं? दादा नुसता टिकटिक करतो."

तो थट्टेखोर माणूस, थट्टा करून हसला. मीही हसले. ह्यांच्या हातात पाण्याचा पितळी तांब्या होता. तो त्यांनी माझ्या डाव्या कानावर हाणला.

मी खाली बसले. कानात मोठी शिट्टी वाजायला लागली आणि मानेवरून ऊन ऊन काहीतरी ओघळलं. चुलतभावाने चहाची बशी अलगद खाली ठेवली, चपला पायात सरकवल्या आणि मला एक शब्द न विचारता निघून गेला. त्याचा मला ह्यांच्याइतकाच राग आला. सासूबाई आत माळ ओढत होत्या. ह्यांनी तांब्या उचलला, कुठे चेपला ते पाहिलं आणि म्हणाले, "ऊठ. भट्टी पेटव. पाटा ठोकायचाय."

मी उठले. पदराने कान दाबला, निखारे फुलवले. पाटा संत्र्याच्या रंगाचा झाला. ह्यांनी तो ऐरणीवर धरला, मी घण उचलला. टक्, घण. टक्, घण. पाटा पसरत गेला. मग लाली उतरली आणि ह्यांनी मोकळ्या ऐरणीवर टकटक केलं.

मी थांबले नाही.

घण पाट्यावर आला. सांडशीला असा हिसका बसला की ह्यांचा खांदा उडाला. त्यांनी पुन्हा टकटक केलं, जोरात. मी पुन्हा मारलं. "थांब," म्हणाले. मी मारलं. त्यांना सांडशी सोडता येईना, कारण सुटलेलं लोखंड कुठे उडेल याचा नेम नसतो. हात मागे घेता येईना, कारण घण वरच होता. पाटा काळा पडला होता. काळ्या पोलादावर मारू नये, ते तुटून उडतं, हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी मारत होते. हातोडी त्यांच्या हातातून पडली. "अगं थांब, बस, बस झालं," त्यांचा आवाज चिरकला. तो आवाज मी ओळखला, कारण तो माझा होता, भिंतीपाशी निघायचा तो.

पाटा कडकन तुटला. तुकडा उसळून ह्यांच्या गालाच्या हाडावर आदळला आणि गाल उघडा पडला. रक्त सदऱ्यावर, ऐरणीवर. तोल जाऊन त्यांनी डावा पंजा रुळावर टेकला, आणि माझा घण पुन्हा वर गेलेला होता.

त्या पंजाकडे मी पाहिलं. त्याच पंजाने माझे केस धरले होते. मला त्यावर घण घालायचा होता, त्याची बोटं रुळावर सपाट करायची होती, हे मी आज कोणापासून लपवत नाही. त्यांनी वर पाहिलं आणि त्यांना ते दिसलं. पंजा उचलण्याचंही भान त्यांना राहिलं नाही.

मी घण घातला. करंगळीच्या शेजारी, मोकळ्या रुळावर. अंगण दणाणलं.

सासूबाई माळेसकट धावत आल्या. मुलाचं रक्त पाहून माझ्यावर तुटून पडल्या, "काय केलं वं तू? काय केलं माह्या पोराले?" हे गालावर हात दाबून बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिची काही गलती नाही. म्या थांबायचं वाजवलंच नाही."

सासूबाईंनी माझ्या मानेवरचं वाळलेलं रक्त पाहिलं. "तिले आयकू आलं नसंल," त्या पुटपुटल्या. मला चांगलं ऐकू आलं होतं. माझा उजवा कान शाबूत होता.

त्यानंतर ह्यांचा हात माझ्यावर उठला नाही. त्यांना पश्चात्ताप झाला असं पुढे झालेली माझी मुलगी म्हणते. मला काही तसं वाटत नाही. त्यांना माझी भीती वाटली, आणि मला तेवढं पुरेसं होतं.

गाल भरून आल्यावर, व्रण अजून गुलाबी असताना, हे एका संध्याकाळी स्वतःहून अंगणात आले. भट्टी त्यांनीच पेटवली. पाट्याचा उरलेला तुकडा निखाऱ्यात घातला आणि सांडशी माझ्यापुढे धरली. "आज तू बस," म्हणाले. "घण मी मारतो. तू वाजवलं की थांबीन."

ते मनापासून बोलत होते, हे दिसत होतं. निखाऱ्यात लोखंड लाल होत होतं. माझ्या डाव्या कानात तेव्हाही शिट्टी वाजत होती.

"थांबालही," मी म्हणाले. "पण मी तुमच्या घणाखाली हात ठेवणार नाही. आज नाही आणि पुढेही नाही."

 घण त्यांनी हातात घेतलेला होता. मी पुढे होऊन तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "बसा."

ते ऐरणीपाशी बसले. लाल लोखंड सांडशीत धरून रुळावर ठेवलं. त्यांचा हात घणापासून वीतभरच लांब होता, तरी त्यांनी तो काढून घेतला नाही. मी घण उचलला.