सड्यावर ठेवलेली नावं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट ठाऊक नाही – पण आता पोटात राहत नाही, एवढं खरं.

मी पेठ वडगावचा. कॉलेजात इतिहास शिकवायचो. बोलायला फटकळ, गल्लीत माझ्या तोंडाला कोण लागत नाही. आणि माझं पाप काय, तर मी एकदा बोललो नाही. हसू नका. ऐका.

घाटाच्या अंगाला एका सड्यावर बॉक्साईटची खाण निघणार होती. खोदायच्या आधी तिथं जुनं काय आहे – देऊळ, वीरगळ, समाधी – ते बघून सांगायचं काम खाणीच्या कंपनीकडनं माझ्याकडं आलं. सडा म्हणजे नुसता उघडा कातळ, झाड नाही, झुडूप नाही. एका कडेला गुडघाभर उंचीचे दगड उभे केलेले, सगळ्यांची सपाट बाजू उगवतीला. कोरीव काम काही नाही. तरी त्यांच्याकडं पाठ करून चालायला मला जमेना. का? आजही सांगता यायचं नाही.

खालच्या वाडीतली एक म्हातारी बरोबर होती. आक्का म्हणतो, तिचं नाव घेणार नाही, का ते कळेल. ती म्हणाली, वाडीत माणूस गेलं की इथं त्याचा दगड उभा करायचा, दुधाची धार सोडायची आणि दगडाला तोंड लावून त्याचं नाव सांगायचं. नाव तिथं ठेवलं म्हणजे ठेवलं. मग ते खाली कुणी उच्चारायचं नाही. उच्चारलं, तर ते माणूस उठून येतं. दगडापाशी तेवढं चालतं. सांगता सांगता ती एका बारक्या दगडाशी वाकली. तिची लेक, लहानपणीच गेलेली. ती पुटपुटली, आणि वारा माझ्याकडं होता – मला नाव ऐकू आलं. शपथेवर सांगतो, वारा तिथंच पडला. सगळा सडा कान देऊन उभा असल्यागत वाटलं.

पुढं शाळेच्या पटांगणात मांडव घालून खाणीची सरकारी सुनावणी झाली. सुनावणी घ्यायला आलेल्या साहेबांनी वाडीला विचारलं, तुमची माणसं तिथं आहेत म्हणता, मग कोण कोण? नावं सांगा. सगळे खाली मान घालून उभे. साहेबांनी पुन्हा विचारलं. मागनं कोणतरी हसलं. मग साहेब माझ्याकडं वळले.

मला ठाऊक होतं की! ती माणसं गप्प का, हे त्या मांडवात बाहेरच्यांपैकी फक्त मला ठाऊक होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण कंपनीची माणसं पुढच्या रांगेत बसलेली, मला पुढची कामं हवी होती, आणि शिकलेला माणूस असलं काय बोलतो म्हणून हसतील – ही लाज. मी म्हणालो, "कोरीव असं काही नाही, साहेब. दगड आहेत." खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.

मांडवाबाहेर आक्का आडवी आली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "पावणं, तुमास्नी ठावं हुतं की." आणि गेली.

सड्यावर मशिनं चढली. ते दगड कुठल्या ट्रकातनं कुठं गेले, कोण जाणे. आक्काही त्याच साली गेली. तिचं नाव कुठं ठेवलं, हे विचारायला मी वाडीत गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

परवा भर दुपारी नात अंगणात खेळत होती. तिला जेवायला बोलवायला दारात गेलो, आणि तोंडातनं ते नाव निसटलं. आक्काच्या लेकीचं. आमच्या घरात त्या नावाचं कुणी नाही. नातीनं वळूनही बघितलं नाही. पण परसातनं कुणीतरी ओ दिली – बारीक, लहान पोरीच्या आवाजात. आत बायकोनं विचारलं, कोण आलंय मागं?

म्हणजे तिनंही ऐकलं होतं.

शेजारची पोर असेल, म्हणालो. परसात जाऊन बघितलं नाही. भ्यालो. मांडवातही भ्यालोच होतो. दुसरं काही कारण नव्हतं.