रघूत्तमचं डावं वळण

कुंभकोणमचा रघूत्तम तिरुचीला विमान चालवायला शिकत होता, छप्पन्न सालची गोष्ट. पहिल्यांदा एकटा उडाला आणि उतरलाही झकास. पण उतरलं की धावपट्टीवरून डावीकडे वळून बाहेर पडायचं, असा तिथला नियम. हा गडी वळला उजवीकडे. त्याच बाजूला उतरणारं दुसरं विमान कसंबसं त्याच्या डोक्यावरून परत वर गेलं.

"डावं-उजवं कळत नाही तुला?" शिकवणारे कॅप्टन ओरडले. "पुन्हा असं केलंस तर कायमचा घरी."

कळत होतं की! पण जन्मभर देवाला, तुळशीला उजव्या हाताला ठेवूनच फेऱ्या घातलेल्या. घाबरला की अंग आपोआप तिकडेच वळायचं.

सुट्टीत तो घरी आला आणि रोज सकाळी गावातल्या पवित्र महामहम तळ्याला सायकलवरून उलट्या फेऱ्या मारायला लागला. प्रत्येक कोपऱ्याला डावीकडे. गावभर बोंब झाली. थोरली बहीण वेदवती सायकलला आडवी आली.

"मूर्खा, अशा फेऱ्या मयताला घालतात!"

"पुन्हा चुकलो तर मयतच व्हायचं, अक्का. सरक."

अक्का सरकली. वर कोणी त्याला हटकलं की तीच भांडायला जायची.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा एकटा उतरला. चाकं टेकली. जमिनीवर विमान वळवायचं ते पायाखालच्या पट्ट्या दाबून, आणि उजवा पाय दाबायला निघालाच. रघूत्तमनं दात खाऊन डावा दाबला. विमान डावीकडे वळून बाहेर पडलं. कॅप्टननी बोटानं आभाळ दाखवलं: जा, अजून एकदा.