कॅसेटमध्ये नसलेला शेवट

१९९१ साल, दिवाळीआधीचा रविवार, दुपारची वेळ. ठिकाण देवपूर, एका प्राध्यापकांचा बंगला. मला द्यायचे ठरलेले पैसे पन्नास रुपये. हजर: प्राध्यापक सर, त्यांचे मित्र डॉक्टर आणि सरांच्या चित्रपट मंडळाची पंधरा-वीस माणसं. मीही हजर होतो, पण खुर्च्यांच्या हिशेबात नव्हतो. माझ्यासाठी टीव्हीशेजारी गोणपाट टाकलं होतं.

सर उभे राहिले. म्हणाले, "मित्रहो, आज आपण चित्रपट पाहायचा नाही. याला पाहायचं. अडाणी माणसाला जपान कसं दिसतं, ते."

माणसं हसली. सरांनी माझ्या तोंडासमोर टेपरेकॉर्डर ठेवला आणि बटण दाबलं. मला विचारलं नाही.

मी दहावी पास होतो. कापसाच्या जिनिंग कारखान्यात वजनं लिहायचो. संध्याकाळी नदीअलीकडच्या आमच्या वस्तीत, नानांच्या व्हिडिओ हॉलमध्ये काम करायचो. परभाषेतला पिक्चर लागला की टीव्हीजवळ उभं राहून, दिसेल त्यावरून, तो अहिराणीत सांगायचा, हे ते काम. लोक तिकिटाआधी विचारायचे, सांगणारा आहे ना?

नानांकडे मुंबईहून एक जपानी कॅसेट आली होती. सगळी हाताने काढलेली चित्रं. वाटलं, पोरांचं असेल. नव्हतं. डोंगरातलं एक गाव. कुठल्याही घराच्या दारावर पांढऱ्या रंगाचा पंजा उमटतो आणि सकाळी त्या घरातलं एक माणूस नाहीसं झालेलं असतं. गावाचा संशय वेशीबाहेरच्या कोळसेवाल्यावर. त्याची झोपडी जाळतात. पंजे उमटायचे थांबत नाहीत. कोळसेवाला निर्दोष होता, हे एका मुलीला कळतं. आता ती एकटी आहे.

आपल्या पिक्चरमध्ये भीती वाजवून आणतात. यात काहीच वाजत नाही. नुसतं बंद दार दिसतं. दिसतच राहतं. पहिल्या खेळाला घाबरून ती रिकामी जागा मी बोलून भरली. पुढे बसलेली अक्का ओरडली, "उगा ऱ्हाय ना भाऊ! दार दखू दे!" तेव्हापासून दार आलं की मी गप्प व्हायचो. हॉलमध्ये श्वाससुद्धा ऐकू यायचा. मग एखादी बाई किंचाळायची, "दार उघाडू नको माय!"

कॅसेटचा शेवट मात्र पुसला गेला होता. कुणीतरी त्यावर दोंडाईचा गावातलं एक लग्न भरलं होतं. खरा शेवट नानांना माहीत नव्हता, मलाही नव्हता. तो मी लावला. पाहता पाहता लक्षात आलं होतं, की रंगाचे ओघळ दाराच्या आतल्या बाजूला आहेत. म्हणजे हात बाहेरचा नाही, घरातलाच. हे मी वस्तीत पहिल्यांदा सांगितलं तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही. देवपुरात चोरी झाली की पोलीस आधी आमच्या वस्तीत यायचे. माझ्या भावाला असंच दोनदा नेलं होतं. लोक तसेच बसून राहिले.

तीच कॅसेट सरांनी नानांकडून भाड्याने आणली होती. आणि मला.

मी सांगायला लागलो. पहिल्या वाक्याला हसू. मुलीला 'माय' म्हणालो, हसू. डॉक्टर म्हणाले, "आता हिची सोयरीक शिरपूरला जुळवतो बघा!" सर मध्येच पिक्चर थांबवून समजावत होते. "नोंद घ्या. याला जपानसुद्धा स्वतःच्या वस्तीसारखं दिसतं." मग माझ्याकडे वळून, "ते झोपडीचं पुन्हा सांग. जरा रडव्या आवाजात."

मी पुन्हा सांगितलं. रडव्या आवाजात. ते आजही अंगावर येतं.

मग दार आलं. मी गप्प झालो. हसूही हळूहळू थांबलं. पडदे ओढलेले होते, पंखा तेवढा फिरत होता. मुलगी कडीकडे हात नेते. मागे जमिनीवर कुणाची तरी सावली. तिचा हात कडीवर.

आणि एकदम बँड. दोंडाईचाची पंगत. जिलेबी वाढणारा माणूस.

"अरे!" डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले होते. "पुढे?"

सर म्हणाले, "शेवट याने लावलाय, तोच तर ऐकायचाय. सांग रे."

सगळे माझ्याकडे बघत होते. त्या दुपारी पहिल्यांदाच त्यांना माझ्याकडून काहीतरी हवं होतं. मी गोणपाटावरून उठलो.

"सर, तुम्ही मला पाहायला बसला होतात. पाहून झालं."

"म्हणजे? पैसे ठरलेत आपले."

"ते राहू द्या."

"शंभर देतो. सांग."

"नाही."

"कुणी शिकवलं रे तुला हे?"

टेपरेकॉर्डर चालूच होता. त्यात माझं 'नाही' भरलं गेलं असेल. चप्पल घातली आणि पांझरा नदीच्या पुलावरून चालत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी नाना म्हणाले, "सरांची माफी माग, नाहीतर हॉलमध्ये येऊ नको." मी गेलो नाही. अक्काच्या ओट्यावर सांगायला लागलो, टीव्हीशिवाय. लोक तिथे आले.

आठवड्याभरात सरांच्या कॉलेजातला शिपाई वस्तीत आला. घरोघर विचारत होता, शेवट काय आहे? शेवट सगळ्यांना ठाऊक होता. कोणी सांगितला नाही. अक्का त्याला म्हणाली, "तुना सायेबले सांग, आठे ईसन खाले बस. मंग सांगसूत."

इथे येऊन खाली बसायला साहेब आले नाहीत.

त्यानंतर मी पुष्कळ ठिकाणी गोष्ट सांगितली. पण ऐकणारा खुर्चीवर आणि मी खाली, अशी एकदाही नाही. यापुढेही नाही.

पन्नास रुपये मी घेतले नाहीत. कॅसेटचं वीस रुपये भाडं सरांनी बुडवलं, ते नानांनी माझ्याकडे मागितलं. मी नानांना दिलं. सरांना काहीही दिलेलं नाही. शेवटसुद्धा नाही.