रंगीत टेलिव्हिजनची काळी-पांढरी काच

तीन माणसं एका गाडीत वर्षभर फिरली की किस्से आपोआप साठतात. लिहून ठेवावे लागत नाहीत. ज्याची फजिती झाली तो सोडून बाकीच्यांना पाठ असतात!

गाडी सरकारी प्रचाराची. ड्रायव्हर मी. पडद्यावर चित्रं दाखवायच्या मशीनवर बल्लारपूरचे करीमभाई. भाषणाला साहेब, पुण्याकडचे. सन पन्नास ते साठच्या दरम्यानची गोष्ट. चंद्रपूर तेव्हा चांदा होतं आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात.

*

त्या वर्षी भाषणाचा विषय होता जगाची प्रगती. साहेबांनी मशीनमध्ये काचेची स्लाइड लावायला सांगितली. पडद्यावर एक पेटी, पेटीत गाणारी मडम.

"हे रंगीत टेलिव्हिजन! अमेरिकेत सुरू झालं. आता एकेक देश करत जगभर पसरणार!"

स्लाइड काळी-पांढरी.

पुढे बसलेली एक म्हातारी उठली. "भाऊ, रंग कुठी हाये?"

"आजी, रंगांची कल्पना करा."

"कल्पनाच कराची होती तं घरीच केली असती! दोन कोस चालत कायले आली मी?"

*

अहेरीच्या बाजारात साहेब म्हणाले, "चित्र रंगासकट हवेतून येतं."

एका शेतकऱ्यानं विचारलं, "मंग पावसात रंग उतरत नाई काय?"

साहेब खो खो हसले. मला ते आवडलं नाही. मी विचारलं, "साहेब, उतरते का नाई उतरत?"

साहेब घाईनं पुढच्या मुद्द्यावर गेले.

शेतकरी म्हणाला, "मालूम नाई तं हासले काऊन?"

*

धानावरच्या रोगाची फिल्म होती. साहेब माइकवर ओरडले, "पिवळं पडलेलं पान नीट ओळखा!"

पडद्यावर सगळंच करडं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी मागून आवाज आला, "साहेब, हा तं सारा बांधीचा धान मेला हाये!"

साहेब करीमभाईंवर चिडले. मशीन नीट लावत नाही म्हणे!

करीमभाई म्हणाले, "मशीन रंग खाते काय साहेब?"

*

एकदा गाडीत साहेब मला म्हणाले, "तुम्ही चौथी शिकलेले. टेलिव्हिजन तुम्हाला समजणार नाही."

मी म्हटलं, "चौथीच शिकलो म्हनून इचारतो. जास्त शिकलो असतो तं मान डोलावली असती."

पुढचे वीस मैल साहेबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. रस्ता चांगला होता.

*

करीमभाईंचे वडील फोटोंना हातानं रंग भरायचे. त्यांचे रंग आणि ब्रश करीमभाईंच्या सामानात असायचेच. आरमोरीच्या मुक्कामात करीमभाईंनी ती काच घेतली आणि मडम रंगवली. फ्रॉक हिरवा, ओठ पान खाल्ल्यासारखे लाल, केस काळेभोर. मी कंदील धरला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला खेळ लागला. मडम पडद्यावर आली आणि अख्खं गाव उभं राहिलं. साहेबांचं भाषण कोणी ऐकलं नाही.

साहेब लाल झाले. "या बायकांचे केस पिवळे असतात!"

"पिवळे?" करीमभाई म्हणाले. "मंग ते मशीन खराब असन त्याइचं!"

साहेबांनी रिपोर्ट लिहायला घेतला. सरकारी मालाची नासधूस, करीमभाईंना कामावरून काढावं. करीमभाईंच्या घरी खाणारी सात तोंडं आणि कमावणारे ते एकटे.

मी म्हटलं, "माझं बी नाव लिवा. कंदील म्या धरला."

साहेबांनी लिहिलं.

*

चौकशीला नागपूरहून मोठे साहेब आले. डाक बंगल्यात आम्हाला उभं केलं.

"रंग कोणी दिले?"

"मी," करीमभाई म्हणाले.

"कोणाच्या परवानगीनं?"

"कोनाच्याच नाई."

"आणि सगळे खोटे रंग, सर!" आमचे साहेब मध्येच बोलले. "जगभर चाललेल्या प्रगतीबद्दल लोकांना खोटं दाखवलं!"

करीमभाईंनी खिशातून ब्रश काढला. "खोटे असन तं खरे सांगा. आत्ता पुसतो, खरे लावतो."

मोठे साहेब आमच्या साहेबांकडे वळले. "सांगा. फ्रॉकचा खरा रंग कोणता?"

"मी... प्रत्यक्ष पाहिलेला नाही, सर."

मोठ्या साहेबांनी काच खिडकीच्या उजेडात धरली. मग ती करीमभाईंच्या हातात दिली.

"बाहीवर थोडं पांढरं राहिलंय. तेवढं भरून घ्या."